पानाचे वर्णन: जॉन वॉर्नॉक आणि छपाईचे स्थित्यंतर

छपाईच्या इतिहासात पानाची घडण आणि ते पान छापणारे यंत्र या दोन गोष्टी १९८०च्या सुमारापर्यंत एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नव्हत्या. शिशाचे खिळे जुळवून बांधलेला फर्मा हेच पान असे आणि ज्या यंत्राच्या मापाने तो बांधलेला असेल त्याच यंत्रावर तो चढत असे. पुढे खिळ्यांची जागा फोटोटाइपसेटिंगने, म्हणजे अक्षरांच्या निगेटिव्हमधून प्रकाश टाकून प्रकाशसंवेदी कागदावर मजकूर उमटवण्याच्या पद्धतीने, घेतली. तरीही प्रत्येक कंपनीच्या यंत्राच्या आज्ञा निराळ्या, अक्षरसंच निराळे आणि एका यंत्रासाठी तयार केलेला मजकूर दुसऱ्यावर निरुपयोगी, ही स्थिती कायम राहिली. ही सांगड ज्यांच्या कामामुळे तुटली त्यांत जॉन एडवर्ड वॉर्नॉक (१९४०–२०२३) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांची कारकीर्द गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि उद्योजक अशा तीन टप्प्यांत सांगितली जाते. परंतु या टप्प्यांमधून वाहणारा विचार एकच होता. छापायच्या पानाचे वर्णन कोणत्याही विशिष्ट यंत्रापासून स्वतंत्र असावे हे त्यांच्या शास्त्रीय कामाचे सूत्र होते, आणि असे वर्णन एखाद्या कंपनीच्या कपाटात कुलूपबंद राहिले तर त्याला अर्थ उरत नाही, या जाणिवेतून त्यांची उद्योजकता जन्माला आली. हे सूत्र त्यांनी जेथे पूर्णपणे पाळले तेथे त्यांच्या कंपनीला यश आले आणि जेथे अर्धवट पाळले तेथे तिला जबर धक्का बसला, असे त्यांच्या चरित्राकडे पाहता दिसते.

वॉर्नॉक यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९४० रोजी अमेरिकेतील युटा राज्याच्या सॉल्ट लेक सिटी या राजधानीत, एका वकिलाच्या कुटुंबात झाला. शाळेत नववीत ते बीजगणितात नापास झाले होते. पुढे माध्यमिक शाळेतील एका शिक्षकाने पाठ्यपुस्तकातले प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहण्याची सवय लावली आणि गणित हा त्यांचा विषय झाला. युटा विद्यापीठातून गणित व तत्त्वज्ञान या विषयांत पदवी घेतल्यावर १९६४ साली पदव्युत्तर प्रबंधात त्यांनी नेथन जेकबसन या बीजगणितज्ञाने १९५६ साली मांडलेला एक प्रश्न सोडवला. हा प्रश्न अमूर्त बीजगणितातील एका विशिष्ट प्रकारच्या अनंत सारण्यांविषयीचा होता आणि त्याचा संगणकाशी काही संबंध नव्हता. शुद्ध गणितातच त्यांचे आयुष्य जावे अशी ही सुरुवात होती. परंतु शिक्षणाच्या काळात पोटासाठी टायरवर नवे रबर चढवण्याच्या कारखान्यात केलेले कष्टाचे काम नकोसे होऊन त्यांनी आयबीएममध्ये नोकरी धरली आणि तेथे संगणकाशी त्यांचा परिचय झाला.

याच सुमारास युटा विद्यापीठात असा एक विभाग उभा राहत होता की त्याचा उल्लेख टाळून संगणकीय चित्रणाचा इतिहास लिहिता येणार नाही. डेव्हिड इव्हान्स यांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संशोधन संस्थेच्या अनुदानावर तो विभाग उभा केला, १९६८ साली आयव्हन सदरलँड तेथे दाखल झाले आणि त्या छोट्या वर्तुळातून काही वर्षांतच ॲलन के, पिक्सार उभारणारे एड कॅटमुल, सिलिकॉन ग्राफिक्स व नेटस्केप या कंपन्यांचे संस्थापक जिम क्लार्क अशी माणसे बाहेर पडली. तेथील संशोधकांना त्या वेळी एक प्रश्न सतावत होता. संगणकाला एखाद्या घन वस्तूची सर्व पृष्ठे ठाऊक असतात, मात्र पाहणाऱ्याला समोरची पृष्ठेच दिसतात आणि मागची झाकली जातात. मग कोणते पृष्ठ रंगवायचे आणि कोणते सोडायचे हे यंत्राने कसे ठरवावे? वॉर्नॉक यांनी सुचवलेली रीत अशी: चित्राची चौकट पाहावी, तिच्यातील दृश्य क्षणात ठरवता येण्याइतके साधे असेल तर रंगवून मोकळे व्हावे, तसे नसेल तर चौकटीचे चार समान भाग करावेत आणि प्रत्येक भागाला हाच नियम पुन्हा लावावा. भाग पाडत पाडत एक तर दृश्य सोपे होते, नाही तर चौकट पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढी उरते, आणि एका ठिपक्यासाठी निर्णय घेणे अवघड नसते. ही रीत आजही वॉर्नॉक यांच्याच नावाने शिकवली जाते. ती मांडणारा त्यांचा १९६९चा पीएचडी प्रबंध केवळ ३२ पानांचा होता.

पुढच्या काही वर्षांत वॉर्नॉक इव्हान्स व सदरलँड यांनी काढलेल्या कंपनीत काम करू लागले. त्या कंपनीकडे जहाजाच्या कप्तानांना प्रशिक्षण देण्यासाठी एक कृत्रिम बंदर उभारण्याचे काम आले. जहाजाच्या सुकाणूगृहाची प्रतिकृती करायची आणि तिच्या खिडक्यांबाहेर न्यूयॉर्कचे बंदर, त्यातल्या इमारती, बोये आणि येणारी-जाणारी जहाजे संगणकाने काढलेल्या चित्रांतून दिसायची, अशी ती योजना होती. अडचण अशी की चित्र दाखवणारी यंत्रणा अद्याप तयार झालेली नव्हती आणि तिच्या अंतिम रूपाची वाट पाहत बसले तर बंदराची सारी माहिती भरायला वेळ उरला नसता. त्यावर जॉन गॅफ्नी या सहकाऱ्याच्या कल्पनेतून असा तोडगा निघाला की बंदराचे वर्णन एका स्वतंत्र छोट्या भाषेत लिहून ठेवावे आणि यंत्रणा हाती आली की त्या भाषेचा अर्थ लावणारा कार्यक्रम तिच्यासाठी लिहावा. वर्णन आधी, यंत्र नंतर, हा क्रम या कामात प्रथम प्रत्यक्षात आला. छपाईचे पुढचे सारे स्थित्यंतर कागदाशी काडीचाही संबंध नसलेल्या या बंदराच्या कामातून निघाले, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने विसरू नये अशी आहे.

१९७८ साली वॉर्नॉक कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात आले. त्यांची निवड करणारे चार्ल्स गेश्की (१९३९–२०२१) हे पुढे त्यांचे आयुष्यभराचे भागीदार झाले. गेश्की यांचे वडील आणि आजोबा दोघेही छपाईसाठी धातूचे ब्लॉक कोरण्याच्या धंद्यात होते, त्यामुळे चांगल्या छपाईची पारख त्यांच्या घरातच होती; स्वतः गेश्की यांनी मात्र लॅटिन व ग्रीकचा अभ्यास करून मग गणित आणि शेवटी संगणकशास्त्र असा प्रवास केला होता. पार्कमध्ये गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर किरणाने छपाई करणारे यंत्र आधीच तयार केले होते, पडद्यावर अक्षरे व चित्रे एकत्र दाखवणारे संगणकही तेथे होते, परंतु पडद्यावरचे पान निरनिराळ्या छपाईयंत्रांवर एकसारखे उतरवण्याची सामाईक भाषा नव्हती. वॉर्नॉक यांनी मार्टिन न्यूवेल यांच्यासह बंदराच्या भाषेची पुनर्रचना केली आणि तिच्यापासून इंटरप्रेस नावाची पानांचे वर्णन करणारी भाषा पार्कच्या गटाने घडवली. झेरॉक्सने ती आपल्या छपाईयंत्रांसाठी स्वीकारलीही. मात्र सर्व यंत्रे तिला अनुरूप होईपर्यंत ती बाहेर प्रसिद्ध करायची नाही असे ठरवले, आणि त्याला कित्येक वर्षे लागणार होती.

या निर्णयाचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण कंपन्यांच्या इतिहासात झेरॉक्सची गोष्ट दूरदृष्टीच्या अभावाचा नमुना म्हणून फार सहज सांगितली जाते. झेरॉक्सला इंटरप्रेसची किंमत कळली नव्हती असे म्हणता येत नाही. किंमत कळली म्हणूनच तिने ती झाकून ठेवली. मात्र एखादे छपाईयंत्र किंवा त्याचे सुटे भाग गुप्त ठेवून विकता येतात, तसे भाषेचे होत नाही. ती बोलणारे दोन पक्ष लागतात आणि त्यांपैकी निदान एक पक्ष कंपनीच्या भिंतीबाहेर असावा लागतो. वॉर्नॉक व गेश्की यांनी कंपनीतल्या वरिष्ठांकडे दोन वर्षे ही बाजू मांडली, ती मान्य झाली नाही, आणि वॉर्नॉक ४२ व गेश्की ४३ वर्षांचे असताना दोघांनी नोकरी सोडली. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांची कंपनी स्थापन झाली आणि लॉस आल्टोस येथे वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याच्या नावावरून तिचे नाव अडोबी ठेवण्यात आले. विल्यम हॅम्ब्रेक्ट यांच्या गुंतवणूक संस्थेने २५ लाख डॉलर भांडवल दिले. तिशी ओलांडलेल्या माणसाने कंपनी काढू नये असे मानणाऱ्या आजच्या उद्योगविश्वात या दोघांच्या वयाची आठवण करून देणे अस्थानी नाही: संसार असलेले, नोकरीत स्थिरावलेले दोन संशोधक केवळ आपले काम लोकांच्या हाती पडावे म्हणून बाहेर पडले होते.

प्रारंभी त्यांची योजना वेगळी होती. संगणक, लेझर छपाईयंत्र आणि आज्ञावली अशी सगळी यंत्रणा स्वतः बांधून मोठ्या कचेऱ्यांना विकावी, किंवा छपाईची दुकानेच थाटावीत, असा त्यांचा विचार होता. परंतु डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॉर्डन बेल आणि पाठोपाठ ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी दोघांनाही हेच सांगितले की यंत्रे आमच्याकडे आहेत, आम्हाला हवी आहे ती तुमची भाषा. जॉब्स यांनी तर ५० लाख डॉलरना संपूर्ण कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली. संस्थापकांनी विक्रीस नकार दिला, मात्र ॲपलने अडोबीचा सुमारे पाचवा हिस्सा घ्यावा आणि भाषा वापरण्याच्या परवान्याची रक्कम आगाऊ द्यावी असा करार झाला. यंत्र विकण्याऐवजी यंत्र चालवणाऱ्या वर्णनभाषेचा परवाना देणे हा धंद्याचा प्रकार अशा रीतीने ग्राहकांनी सुचवल्यामुळे आकाराला आला. संस्थापकांचा वाटा इतकाच की आपली लिखित योजना बाजूला ठेवून त्यांनी तो ऐकला.

या भाषेचे नाव पोस्टस्क्रिप्ट. तिच्या रचनेत आकडे आणि मूल्ये आधी येतात व त्यांच्यावर करायची क्रिया नंतर येते. भांड्यांच्या थप्पीत शेवटी ठेवलेले भांडे आधी उचलावे त्याप्रमाणे यंत्र अखेरची मूल्ये उचलून त्यांवर क्रिया करते, आणि त्यामुळे अर्थ लावणारा कार्यक्रम लहान व वेगवान ठेवता येतो. पानावरची प्रत्येक गोष्ट, मग ते अक्षर असो, रेघ असो वा छायाचित्र, या भाषेत निर्देशांकांनी सांगितली जाते आणि ते निर्देशांक कोणत्याही यंत्राच्या ठिपक्यांशी बांधलेले नसतात. अक्षरांबाबत हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरला. तोपर्यंत संगणकातील अक्षर बहुधा ठिपक्यांच्या जाळीच्या रूपात साठवले जाई आणि प्रत्येक आकारासाठी निराळी जाळी लागे. पोस्टस्क्रिप्टमध्ये अक्षर म्हणजे त्याची बाह्यरेषा, आणि ती बाह्यरेषा सरळ रेषा व बेझिए वक्र यांनी बनलेली. बेझिए वक्र दोन टोके आणि दोन नियंत्रणबिंदू यांनी पूर्णपणे ठरतो. फ्रान्समध्ये रेनो कंपनीचे पिअर बेझिए आणि सित्रोएन कंपनीचे पॉल द कास्टेल्जो यांनी मोटारींच्या पत्र्याचे आकार नेमके सांगता यावेत म्हणून तो स्वतंत्रपणे विकसित केला होता. एकदा बाह्यरेषा सांगितली की तेच अक्षर औषधाच्या चिठ्ठीवर बारीक किंवा भित्तिपत्रकावर हातभर उंच, दोन्हीकडे धारदार उमटते.

गणितात हे सुबक दिसले तरी कागदावर एक अडथळा होता. त्या काळच्या लेझर छपाईयंत्रात इंचाला ३०० ठिपके बसत, आणि नेहमीच्या पुस्तकी आकाराच्या अक्षराचा उभा दांडा साडेतीन ठिपक्यांएवढा जाड भरला तर तो जाळीवर कोठे पडतो यानुसार कधी तीन तर कधी चार ठिपक्यांचा होई. एकाच अक्षराचे दोन दांडे असे कमीजास्त जाडीचे उमटले की वाचणाऱ्याला कारण कळले नाही तरी पान गबाळे वाटते. बाह्यरेषा आधी किंचित ओढूनताणून जाळीवर बसवावी आणि मग भरावी, अशी कल्पना वॉर्नॉक यांनी काढली आणि बिल पॅक्स्टन यांनी ती कामात आणली. त्यासाठी अक्षराच्या बाह्यरेषेसोबत कोणता भाग दांडा आहे, कोणत्या उंचीवर रेषा जुळली पाहिजे, अशा सूचना साठवल्या जात. या युक्तीचे पेटंट घ्यायचे तर ती जाहीर करावी लागली असती, म्हणून ती व्यापारी गुपित म्हणून ठेवली गेली. पोस्टस्क्रिप्ट ही भाषा पुस्तकरूपाने सर्वांसाठी प्रसिद्ध केलेली होती, उत्तम अक्षरसंच बनवण्याची रीत मात्र बंद होती. या विसंगतीचे परिणाम पाच वर्षांनी दिसून आले.

जानेवारी १९८५ मध्ये ॲपलने लेझररायटर हे छपाईयंत्र जाहीर केले. त्याची किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे ज्या मॅकिन्टॉश संगणकाला ते जोडायचे त्याच्या दुपटीहून अधिक होती, आणि त्यातील प्रोसेसरही मॅकिन्टॉशपेक्षा वेगवान होता. हे उफराटे वाटते, पण त्यामागे साधा हिशेब होता. इंचाला ३०० ठिपके धरले तर पत्राच्या आकाराच्या एका पानात ८४ लाखांच्या आसपास ठिपके होतात आणि ते साठवायलाच सुमारे एक मेगाबाइट स्मृती लागते. पहिल्या मॅकिन्टॉशमध्ये तिचा आठवा भाग, म्हणजे १२८ किलोबाइट, होती. म्हणून संगणकाने केवळ वर्णन पाठवायचे आणि ठिपके मांडण्याचे जड काम दीड मेगाबाइट स्मृती असलेल्या छपाईयंत्राने करायचे, अशी वाटणी झाली. त्याच वर्षी पॉल ब्रेनर्ड यांच्या सिॲटलमधील आल्डस कंपनीने पेजमेकर ही पडद्यावर पान मांडण्याची आज्ञावली आणली, आणि जुळारी, पानबांधणी, प्रूफ अशी निरनिराळ्या हातांतून जाणारी कामे एका टेबलावर आली. डेस्कटॉप पब्लिशिंग हे ब्रेनर्ड यांनी रूढ केलेले नाव मराठीत डीटीपी या आद्याक्षरांनी स्थिरावले.

तरीही छपाईच्या धंद्याने या साऱ्याला हौशी लोकांचे खेळणे मानले असते, जर त्याच सुमारास लायनोटाइप कंपनीशी करार झाला नसता. ओटमार मर्गेन्थालर यांच्या ओळ ओतणाऱ्या यंत्रापासून, म्हणजे १८८६ सालापासून, वृत्तपत्रांच्या छपाईवर वर्चस्व असलेल्या या कंपनीने आपल्या इंचाला हजाराहून अधिक ठिपके उमटवणाऱ्या महागड्या यंत्रांत पोस्टस्क्रिप्ट बसवली आणि टाइम्स, हेल्व्हेटिका यांसारख्या आपल्या नामांकित अक्षरसंचांचे परवाने दिले. कचेरीतल्या छोट्या यंत्रावर काढलेले प्रूफ आणि छापखान्यात अंतिम फिल्मवर उमटलेले पान यांत आता फक्त रेखीवपणाचा फरक उरला, मांडणी तीच राहिली. पानाचे वर्णन खरोखरच यंत्रापासून सुटले ते या वेळी.

मराठी छपाईच्या दृष्टीने हे स्थित्यंतर अधिक मूलगामी होते. देवनागरीची जुळणी रोमनपेक्षा कितीतरी कष्टाची होती. मधले अक्षर, वरच्या वेलांट्या-मात्रा-रफार आणि खालचे उकार अशा तीन थरांची सांगड घालायची, जोडाक्षरांचे स्वतंत्र खिळे ठेवायचे, त्यामुळे इंग्रजीच्या केसमधील शंभर-सव्वाशे घरांच्या जागी कित्येक शेकडा घरे सांभाळायची, हे जुळाऱ्याचे रोजचे काम होते. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी कारागिराच्या हातून जे वळणदार टाइप घडवले त्यांनी देवनागरी छपाईचे मानदंड घालून दिले. पण पाश्चात्त्य यांत्रिक जुळणीची यंत्रे देवनागरीला वापरायची म्हणजे यंत्राच्या मर्यादेत बसवण्यासाठी लिपीचीच काटछाट करावी लागे आणि त्यातून लिपिसुधारणेचे वादही उद्भवले. बाह्यरेषेच्या पद्धतीला मात्र अक्षर रोमन आहे की देवनागरी हे ठाऊकच नसते. तिच्या लेखी क्ष हा जितका वक्रांचा समूह तितकाच इंग्रजी एस. लिपीने यंत्रापुढे झुकण्याचे कारण संपले. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मराठी छापखान्यांत डीटीपी शिरले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे अक्षरसंच अशी साधने आली, लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग कागदावर काढलेली प्रत किंवा फिल्म यांवरून ऑफसेटची प्लेट होऊ लागली, आणि गिरगावातील व पुण्याच्या पेठांतील छापखान्यांतून शिशाचे खिळे वितळवण्यासाठी वजनावर विकले गेले. उलटे अक्षर सुलट्याइतक्या वेगाने वाचणाऱ्या जुळाऱ्यांची एक संपूर्ण पिढी या बदलात निरुपयोगी ठरली, काही जण डीटीपी ऑपरेटर झाले, बहुतेक झाले नाहीत. त्यांच्या कौशल्याची नोंद मराठीत जेवढी व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

अडोबीचे समभाग ऑगस्ट १९८६ मध्ये बाजारात आले. पुढच्या वर्षी कंपनीने इलस्ट्रेटर ही रेखाटनाची आज्ञावली विक्रीस आणली. वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्व्हा वॉर्नॉक स्वतः आरेखनकार होत्या, कंपनीचे पहिले बोधचिन्ह त्यांनीच काढले होते, आणि ज्या गोष्टी पोस्टस्क्रिप्टमध्ये आकड्यांनी लिहाव्या लागत त्या त्यांच्यासारख्या कलावंताला हाताने ओढता याव्यात ही इलस्ट्रेटरमागील प्रेरणा होती. १९९० साली थॉमस आणि जॉन नॉल या बंधूंनी तयार केलेले फोटोशॉप अडोबीने बाजारात आणले. या दोन आज्ञावलींनी पुढे कंपनीला मोठे केले. परंतु त्या काळी तिचा जीव परवान्यांच्या उत्पन्नात होता आणि तेच धोक्यात आले.

सप्टेंबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या, संगणकीय प्रकाशनावरील सीबोल्ड परिषदेत ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन ट्रूटाइप या नव्या अक्षरपद्धतीची घोषणा केली. ॲपलने आपल्याकडचे अडोबीचे समभाग आधीच विकले होते. अक्षरांची किल्ली एकट्या अडोबीकडे राहावी हे दोन्ही बड्या कंपन्यांना अमान्य होते आणि त्यांची तक्रार निराधार नव्हती, कारण भाषा खुली ठेवून अक्षरे बंद ठेवण्याचे धोरण वॉर्नॉक यांनी ज्या झेरॉक्सविरुद्ध बंड केले तिच्याच धोरणाची धाकटी आवृत्ती होती. त्या व्यासपीठावर बोलताना वॉर्नॉक यांना भावना आवरल्या नाहीत. मात्र काही महिन्यांतच, १९९०च्या प्रारंभी, अडोबीने आपल्या अक्षरसंचांची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली आणि पडद्यावरही तीच अक्षरे स्वच्छ दाखवणारी स्वस्त आज्ञावली बाजारात आणली. मायक्रोसॉफ्टशी सुरू झालेले हे वैर १९९६ साली ओपनटाइप या संयुक्त पद्धतीत संपले. ओपनटाइपची घोषणा अमेरिकेतील व्यापारी तहाची असली तरी तिचा लाभ भारतीय लिप्यांना झाला, कारण कोणती अक्षरे एकमेकांशेजारी आली की त्यांचे जोडाक्षर करायचे, रफार कोठे सरकवायचा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी कशी मांडायची, यांचे नियम ओपनटाइप संचातच साठवता येतात. मुंबईचे सुलेखनकार व अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आणि विंडोजबरोबर घरोघर पोचलेला मंगल हा देवनागरी संच याच पद्धतीचा आहे.

१९९१च्या वसंतात वॉर्नॉक यांनी कॅमलॉट या नावाने एक टिपण लिहिले. एखाद्या संगणकावर तयार केलेला दस्तऐवज दुसऱ्या कोणत्याही संगणकावर, तेथे ती आज्ञावली किंवा ते अक्षरसंच नसतानाही, जसाच्या तसा पाहता आणि छापता यावा, हा त्या टिपणातला प्रश्न होता. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण क्षमतेची संगणकभाषा असल्यामुळे तिच्यातले शंभरावे पान पाहण्यासाठी आधीच्या नव्व्याण्णव पानांचा अर्थ लावावा लागे. त्यांनी सुचवले की त्या भाषेतील हिशेब आणि पुनरावृत्ती आधीच उरकून केवळ रेखाटनाच्या अंतिम आज्ञा ठेवाव्यात, पाने स्वतंत्रपणे उघडता यावीत आणि अक्षरसंच दस्तऐवजाच्या पोटातच बांधून द्यावेत. जून १९९३ मध्ये अक्रोबॅट या नावाने जे बाहेर पडले ते हेच पीडीएफ. मे १९९२ मध्ये, हे काम चालू असताना, गेश्की यांचे शस्त्राच्या धाकाने अपहरण झाले आणि चार दिवसांनी एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेने त्यांची सुखरूप सुटका केली. भागीदारीच्या इतिहासातला तो सर्वांत कठीण आठवडा होता.

पीडीएफला सुरुवातीला फारसे कोणी विचारले नाही. दस्तऐवज केवळ वाचण्याच्या आज्ञावलीसाठीही पैसे मोजावे लागत, फायली त्या काळच्या मंद दूरध्वनी जोडण्यांना जड होत, आणि अडोबीच्या संचालकांनाही या प्रकल्पाच्या भवितव्याविषयी शंका होती. वॉर्नॉक यांनी तो चालू ठेवला. वाचनाची आज्ञावली विनामूल्य करण्यात आली, रचनेचे तपशील प्रसिद्ध झाले, अमेरिकेच्या आयकर खात्याने आपले अर्ज पीडीएफमध्ये उपलब्ध केले आणि मग इतर खाती, न्यायालये, विद्यापीठे त्या वाटेने गेली. अक्षरसंचांच्या बाबतीत जे जबरदस्तीने शिकावे लागले ते येथे स्वखुशीने केले गेले, आणि वॉर्नॉक यांच्या सर्व निर्णयांमध्ये हा निर्णय सर्वांत दूरवर पोचला. २००८ साली पीडीएफ हे आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याची मालकी अडोबीकडे उरली नाही.

१९९४ साली आल्डस कंपनी अडोबीत विलीन झाली, त्यामुळे पेजमेकर तिच्याकडे आले आणि १९९९ मध्ये त्याची जागा घेणारे इनडिझाइन निघाले. वॉर्नॉक यांनी २००० सालाच्या अखेरीस मुख्याधिकारीपद सोडले. संचालक मंडळाचे सहअध्यक्ष म्हणून मात्र ते २०१७ पर्यंत होते. पदावर असतानाच, १९९७ साली, त्यांनी ऑक्टाव्हो ही वेगळी छोटी संस्था काढून दुर्मीळ ग्रंथांची उच्च दर्जाची छायाचित्रे पीडीएफ रूपात प्रकाशित केली. रॉबर्ट हूक यांचे सूक्ष्मदर्शकातील निरीक्षणांचे पुस्तक आणि अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयातील गुटेनबर्ग बायबल त्यांत होते. युक्लिडच्या भूमितीची १५७० सालची पहिली इंग्रजी आवृत्ती त्यांच्या स्वतःच्या संग्रहात होती. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना व गेश्की यांना एकत्र देण्यात आले. १९ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ८२व्या वर्षी वॉर्नॉक यांचे निधन झाले.

त्यांनी घडवलेल्या पद्धतीची एक मर्यादा मराठी वाचकाला इतरांपेक्षा अधिक जाणवते आणि तिची नोंद येथे करणे आवश्यक आहे. पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ यांनी जपले ते पानाचे रूप. त्या रूपामागील मजकूर कोणता हे सांगण्याची सोय त्यांत नंतर जोडली गेली. रोमन लिपीत अक्षर आणि आकृती यांचे नाते बहुधा एकास एक असल्यामुळे ही उणीव लपते, परंतु देवनागरीत एकाच जोडाक्षराच्या आकृतीमागे तीन-चार अक्षरचिन्हे असतात, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लेखनात आधी येते, आणि १९९०च्या दशकातील बहुतेक मराठी अक्षरसंच तर रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी आकृत्या बसवून, प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने, तयार केलेले होते. म्हणून त्या काळातील मराठी पुस्तकांच्या व नियतकालिकांच्या फायली पडद्यावर निर्दोष दिसतात, पण त्यांतील एखादा शब्द शोधू गेले तर सापडत नाही आणि परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला तर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक ओळ हाती येते. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत लिहिलेल्या नव्या मजकुरातही पीडीएफ करताना आकृतीकडून अक्षराकडे परत नेणारा तक्ता नीट जोडला गेला नसेल तर काने-मात्रा जागचे हलतात, आणि शासकीय निर्णयांपासून विद्यापीठीय प्रबंधांपर्यंत असे दस्तऐवज विपुल आहेत. आकृतीमागील मूळ मजकूर साठवण्याची तरतूद पीडीएफच्या मानकात आता आहे. जुन्या संचांतील मजकूर मात्र संचागणिक निराळे तक्ते करून, जोडाक्षरे तपासत, मुद्रितशोधकाच्या चिकाटीनेच युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या मराठी प्रकाशनांपुरते ते काम बरेचसे शिल्लक आहे.